खो मिळाल्याशिवाय न उठणारे मामा

गेल्या जूनमधल्या एका रविवारी दुपारी खो-खोच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट झाला. संघ आळीपाळीने एकेका खेळाडूचे नाव घेत होते. दुसऱ्या फेरीत कबनूरच्या अवधूतचे नाव पुकारले गेले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा न देताच कॉलेजातून निघून गेला होता. त्याआधी एप्रिलमध्ये, एका शनिवारी संध्याकाळी, कळंब्याजवळच्या एका मैदानावर एक माणूस जागचा उठला, म्हणून ही निवड होऊ शकली. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. बसून राहण्यात त्यांच्या तोडीचा माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांवर मिळणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

मामा कोल्हापुरात, अवधूतच्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक आहेत. ज्या शहरात पोरगे फुटबॉलला नाही गेले तर तालमीत जाते, तिथे त्यांनी आयुष्यभर खो-खो शिकवला. त्यांच्या शिकवण्याची पद्धत इतरांपेक्षा वेगळी आहे. बाकीचे प्रशिक्षक पोरांना पळायला लावतात. मामा पहिले दोन महिने नुसते बसवतात. पंजांवर, पाठ सरळ, हात जमिनीला, नजर समोर. कोणी कुरकुर केली तर त्यांचे एकच उत्तर असते, "पळतंय कुत्रंबी. तू बसून दाखव." खो-खोत आठ जण ओळीने चौकात बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे, आणि पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठला तो फाउल. शाळेत खेळलेल्या प्रत्येकाला हा नियम माहीत असतो. तो मैदानापुरता आहे, एवढे मामांना कोणी कधी सांगितलेले दिसत नाही.

लग्नाआधी मी बायकोला पाहायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एका ओळीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. पहिलीचे तोंड दाराकडे, दुसरीचे भिंतीकडे, तिसरीचे पुन्हा दाराकडे. माझ्या वाट्याला भिंतीकडची आली. पोहे मी कॅलेंडरकडे बघत खाल्ले. माझे वडील शेजारी बसून दाराबाहेरच्या सायकलशी बोलत असल्यासारखे मामांशी बोलत होते. नोकरी, पगार, शिक्षण हे सगळे मामांच्या कानावरून गेले. शेवटी त्यांनी मला खोलीच्या मध्यभागी उकिडवे बसायला सांगितले आणि उठायला सांगितले. मी उठलो. खोलीत शांतता होती, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू आला. "उजवा गुडघा वाजतोय," मामा म्हणाले. मग थोडा विचार करून, "असू दे. पळून जायचा न्हाय," असे म्हणून त्यांनी लग्नाला होकार दिला. तेव्हापासून ते मला पावणं म्हणतात आणि दर दिवाळीला गुडघ्याची चौकशी करतात.

बसलेले मामा उठत कसे, हा घरातला रोजचा प्रश्न आहे. मामींनी तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सोडवला. भाकरीचे शेवटचे पीठ हाताला असतानाच त्या बाहेर येतात, वर्तमानपत्रात डोके घातलेल्या मामांच्या पाठीवर थाप मारतात आणि 'खो' म्हणतात. मामांचे सगळे घरातले शर्ट पाठीवर पिठाचे असतात. बाहेर मात्र पंचाईत होते. बँकेत त्यांच्या टोकनाचा नंबर लागला की काउंटरवरचा माणूस हाका मारत राहतो आणि मामा समोरच्या बाकावर स्वस्थ बसलेले असतात. आता तिथला शिपाई सरावला आहे. तो मागून येतो, थाप मारतो, आणि मामा इतक्या वेगाने काउंटरकडे झेपावतात की नव्या रोखपालाने एकदा ड्रॉवर बंद करून घेतला होता.

अर्धवट सोडून जाणे त्यांना कुठेच चालत नाही. कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात खाली एक आणि वर एक अशी दोन लग्ने होती. मामा वरच्या लग्नाला निघाले आणि खालच्या मांडवात जाऊन बसले. नवरामुलगा ओळखीचा नाही, हे त्यांना अंतरपाट दूर झाल्यावर कळले. तोपर्यंत ते बसलेले होते. अक्षता, जेवण, आहेर, वरात निघायची वेळ होईपर्यंत ते हलले नाहीत. आमचे लोक वर त्यांची वाट पाहून थकले. मामी शोधत खाली आल्या, तेव्हा मामा वधूकडच्या मंडळींबरोबर फोटोला उभे होते; कोणीतरी फोटोसाठी बोलवायला म्हणून पाठीवर हात ठेवला होता. "मधनंच उठून जायचं कसं?" त्यांनी मामींना विचारले. "माणसं काय म्हणतील?" त्या घरचे लोक अजून त्यांना यात्रेच्या जेवणाला बोलावतात.

या सगळ्या चालीरीतींत त्यांनी एकच समारंभ असा ठेवला आहे, ज्याची चेष्टा करायला मैदानावरचे पोरगेही धजत नाही. तिसरे वर्ष संपवून संघाबाहेर पडणारा खेळाडू शेवटच्या संध्याकाळी खांबाजवळच्या शेवटच्या चौकात बसतो. मामा दुसऱ्या खांबापासून धावत येतात, त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि 'खो' म्हणतात. पोरगा उठतो आणि मागे न बघता थेट फाटकाबाहेर पळतो. भाषण नाही, हार नाही. त्यांचे जुने खेळाडू आज पोलिसात आहेत, शाळांत आहेत, एक जण बेळगावला हॉटेल चालवतो. आपल्याला तो खो कोणत्या साली मिळाला, हे प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. हा खो दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मामांनी कधी दिला नव्हता. चार वर्षांपूर्वी एक जण तो न घेताच लीगमध्ये गेला. पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा गेला. तो आता वारणानगरला नोकरीला आहे, मुलाबाळांत सुखी आहे आणि मामांना रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. पण त्याची बी.ए. राहिली ती राहिलीच. मामा त्याच्याबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत त्याची गुडघ्याची पट्टी मात्र अजून आहे.

अवधूत संघात आला तेव्हा अंगाने काडी होता. वडील कबनूरला दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे तो कमी बोलतो आणि जे बोलतो ते मोठ्याने बोलतो. पहिल्या दिवशी मामांनी त्याला चौकात बसवले आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून ते विसरून गेले. सगळी पोरे घरी गेली. मामा फाटकाला कुलूप लावायला परत आले, तर हा तसाच, पाठ सरळ. मामा त्याच्या समोर जाऊन उभे राहिले.

"उठला न्हाईस?"

"खो कुठं दिलासा?"

त्या रात्री मामांनी घरी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, असे मामी सांगतात. पुढच्या दोन वर्षांत अवधूत खांबाजवळून असा सूर मारायला लागला की पळणारा गडी पुढे निघून गेला असे वाटावे आणि हा जमिनीला समांतर जाऊन त्याच्या टाचेला बोट लावून पडलेला असावा. विद्यापीठाच्या स्पर्धेत लीगची माणसे त्याला बघून गेली आणि मार्चमध्ये बोलावणे आले: ड्राफ्टआधीच्या शिबिराला पुण्यात या, पहिल्या सकाळी हजर नसेल त्याचा ड्राफ्टसाठी विचार होणार नाही. शिबिर आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा एकाच पंधरवड्यात होती.

अवधूतने मामांना विचारले. मामा म्हणाले, "तिसरं वर्ष झालं की." आठवड्याने पुन्हा विचारले. तेच उत्तर. वडिलांनी फोन करून विचारले, त्यांनाही तेच. कायद्याने कोणाची परवानगी लागत नव्हती. पोराने सॅक भरून गाडीत बसायचे होते, एवढेच. पण मामांचा खो न घेता तो फाटकाबाहेर पडणार नव्हता, आणि मामांचा खो तिसऱ्या वर्षाच्या आत निघत नव्हता.

शिबिराआधीच्या शेवटच्या शनिवारी रात्री आठच्या पुण्याच्या गाडीचे तिकीट होते. दुपारी तीनला अवधूत मैदानावर आला, सॅक खांबाला टेकवली आणि शेवटच्या चौकात बसला. चारला मामा आले.

"काय चाललंय?"

"बसलोय, सर."

"कशाला?"

"खो पायजे."

"त्यो तिसऱ्या वर्षाच्या पोरांस्नी असतोय."

"मग तवर बसतो."

मामा संतापले. पोरे सांगतात, ते दोनदा मैदानाच्या कडेपर्यंत जाऊन परत आले. ते तसेच घरी गेले असते तर हा मजकूर लिहायचे कारण नव्हते. पण जाता जाता त्यांची नजर अवधूतच्या पाठीवर गेली. तासभर बसून ती किंचित वाकली होती. "असं बसत्यात व्हय?" मामा ओरडले. "वडापच्या जीपात बसल्यागत? दोन वर्षं ह्येच शिकवलं?" ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या चौकात गेले, पंजांवर बसले, पाठ ताठ केली, हात टेकले आणि म्हणाले, "हे असं बसायचं. बघ."

अवधूतने मान वळवून पाहिले आणि पाठ सरळ केली. मग मामांच्या लक्षात आले की आपण बसलो आहोत.

मामींचा मला फोन आला तो पाचच्या सुमारास. "पावणं, गाडी काढा. दोघं बी बसल्यात." आम्ही पोचलो तेव्हा कळंबा तलावावर फिरायला आलेली निम्मी माणसे मैदानात उभी होती. एका टोकाला एकोणीस वर्षांचा मुलगा, दुसऱ्या टोकाला सत्तावन्न वर्षांचे क्रीडाशिक्षक, एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला, मध्ये सहा चौक रिकामे. मामांच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. कोणी म्हणाले, "सर, उठा की आता." मामा म्हणाले, "उठतो की. खो दे." संघातला एक धीट मुलगा पुढे झाला, पण मामांनी त्याला तिथेच थांबवले. "चालत येऊन खो देतोस व्हय? गडी पळत आला पायजे." तो मागे सरला. एका आजोबांनी मामांना छत्री धरली, तर मामा त्यांना म्हणाले, "पावणं, कडंला. रेषेवर उभं हायसा."

सहाला अवधूतचे वडील आले, मागावरची पाळी संपवून, अंगावर सुताचे कण घेऊन तसेच. ते आधी मुलाकडे गेले.

"ऊठ लगा. गाडी जाईल."

"सरांनी खो दिला न्हाय."

मग ते लांबवर मामांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "सर, द्या की त्याला."

"कसा देऊ?" मामा म्हणाले. आवाज खाली आला होता. "मीच बसलोय न्हवं."

द्यायला ते तयार आहेत, हे त्या वेळी पहिल्यांदा कळले. आता फक्त त्यांना उठवायचे होते. मामींनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या मामांच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझा चालायचा न्हाय," मामा मागे न बघता म्हणाले. "तू टीममधली न्हाईस."

"तीस वर्षं ह्या टीमचे ड्रेस कोण धुतंय?"

मैदानातली पोरे हसली. मामी खाली वाकल्या आणि हळू बोलल्या. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आले. "तुमाला मिलच्या टीमचं बोलावणं आलं, तवा तुमचं सर मिरजंला दवाखान्यात हुतं. त्येंनी सांगितल्याबिगर कसं जायचं, म्हणून तुमी वाट बघत बसलासा. आठवडा गेला, जागा भरली. ह्या पोरानं किती बसायचं?"

लग्नाला इतकी वर्षे होऊनही ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. नंतर बायकोला विचारले, तिलाही माहीत नव्हती. मामांची पाठ, जी दोन तास ताठ होती, ती एकदा वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

मामी मागे गेल्या. पंधरा-वीस पावलांवरून त्या पळत आल्या, नऊवारी नाही, पाचवारी साडीत, आणि त्यांनी मामांच्या पाठीवर अशी थाप मारली की छत्रीवाले आजोबा दचकले. "खो!"

मामा उठले. खरे म्हणजे ते सुटले. दोन तास आखडलेले पाय, सत्तावन्न वर्षे, पोट, काहीच मध्ये आले नाही. सरळ रेषेत, न वळता, सहा रिकामे चौक ओलांडून ते अवधूतच्या पाठीशी पोचले आणि थाप मारून ओरडले. तो 'खो' कळंबा जेलच्या भिंतीपलीकडे गेला असावा. अवधूत चौकातून निघाला तो फाटकाकडे. लोकांनी वाट करून दिली. शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी हलगीसारखा डबा बडवायला लागला. सॅक खांबापाशीच राहिली होती. वडिलांनी ती उचलली आणि ते मुलामागे धावले. ते फाटकाबाहेर दिसेनासे होईतो मामा धापा टाकत बघत होते. मग म्हणाले, "ह्या माणसाला ल्हानपणी कुणी बघितलाच न्हाय. काय पळतोय!" गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशीपासून आठवडाभर मामा जिना उलटे उतरत होते.

ड्राफ्ट बघायला आम्ही सगळे मामांच्या घरी जमलो. कबनूरहून अवधूतचे आई-वडील आले होते, संघातली पोरे होती, शेजारी होते. टीव्ही भिंतीवर आणि खुर्च्या नेहमीसारख्या, त्यामुळे निम्म्या लोकांनी ड्राफ्ट पाहिला आणि निम्म्यांनी ऐकला. पहिली फेरी संपली. अवधूतच्या आईने टीव्हीकडे पाठ असलेली खुर्ची मुद्दाम मागून घेतली होती. तिला बघवत नव्हते. दुसऱ्या फेरीत नाव पुकारले गेले तेव्हा तिने शेजारच्याला विचारले, "आमचाच न्हवं?" आणि उत्तर यायच्या आत घर दणाणले. पोरांनी गुलाल आणलेला होता. निवड झाली नसती तर त्या गुलालाचे काय करणार होता, असे मी विचारले, तर एक जण म्हणाला, "न्हाय झाली असती तर ग्रामपंचायतीला ठेवला असता." गल्लीत जीप आली, तिच्या टपावर अवधूतच्या वडिलांना बसवले, आणि ती तलावाला दोन फेऱ्या मारून आली. मामा मात्र घरातच होते. पहिल्या फेरीत गेलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाव घेऊन ते संघातल्या पोरांना विचारत होते, "ह्यो आमच्या पोरापेक्षा भारी हाय? ह्यो? ह्याला बसाय तरी येतंय का?"

हंगामात अवधूत सगळे सामने खेळला. तिसऱ्या सामन्यात त्याने खांबाजवळून सूर मारून लागोपाठ तीन गडी बाद केले आणि समालोचकाने त्याच्या गावाचे नाव चुकीचे उच्चारले. मामांनी ते टीव्हीसमोर दोनदा दुरुस्त केले. संघ उपांत्य फेरीत हरला. पुढच्या हंगामासाठी संघाने त्याला कायम ठेवले आहे. प्रत्येक सामन्यानंतर तो मामींच्या फोनवर फोन करी आणि मामी तो स्पीकरवर ठेवत. मामा आतल्या खोलीतून त्याच्या चुका सांगत. फोनवर ते कधी आले नाहीत.

कॉलेजच्या संघात खांबाजवळच्या जागेसाठी यंदा मामांनी तीन मुले आजमावली. तिघेही चांगले पळतात. जागा अजून कोणाला दिलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये अवधूत दुसऱ्या वर्षाचे राहिलेले पेपर द्यायला आला. पंधरा दिवस तो मामांकडे राहिला. कबनूरला मागांच्या आवाजात अभ्यास होत नाही, असे कारण मामांनी त्याच्या वडिलांना सांगितले. मामी सांगतात की सकाळी दोघे मैदानावर जात, पण खांबाला हातही न लावता नुसते फिरून परत येत, आणि वाटेत मामा त्याला अर्थशास्त्राचे प्रश्न विचारत, ज्यांची उत्तरे त्यांना स्वतःला येत नव्हती. प्रत्येक पेपरला त्यांनी त्याला स्कूटरवरून सोडले. शेवटचा पेपर देऊन अवधूत त्याच रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. मामा त्याला सोडायला स्टँडवर गेले होते.

निकाल अजून लागलेला नाही.